न धुतलेला फिल्टर

आधीच सांगते, मला यंत्रांचा राग नाही. राग येतो तो यंत्रासमोर हात जोडून उभ्या राहणाऱ्या माणसांचा. त्यात आपली पोटची पोर असली की तो जरा जास्तच येतो.

मी सुलक्षणा मोहिते. कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं मत्स्यालय आहे, तिथली मी माशांची डॉक्टर. लग्नाकार्यात कुणी ना कुणी हमखास विचारतं, माशांना सर्दी होते का हो? मी म्हणते, होते, पुढचा मासा शिंकला की तुम्हाला कळवते. अशा स्वभावामुळे मला लग्नाची आमंत्रणं आताशा कमी येतात, आणि मला त्याचं दुःख नाही.

मत्स्यालयाच्या मधल्या मोठ्या टाकीत आमचे खडस होते. ज्याला बाहेरचे लोक महाशीर म्हणतात तो हा मासा. हातभर लांबी, तांबूस सोनेरी मोठाले खवले आणि प्रवाहाच्या उलट चढायची अशी रग की पाहत राहावं. कोयनेतून तो केव्हाच संपला होता. बंधाऱ्यांनी त्याची वाट अडवली, सांडपाण्यानं श्वास अडवला आणि उरलेसुरले लोकांनी सुरुंग लावून मारले. शेवटच्या काही जोड्या हाती लागल्या तेव्हा त्यांची अंडी मी स्वतः उबवली होती. नंतर नदी साफ झाली, बंधाऱ्यांच्या कडेनं मासे चढायला दगडी पायऱ्या बांधल्या, आणि दिवाळी झाली की खडस नदीत सोडायचे असं ठरलं. हे मेले असते तर दुसऱ्या नदीचे खडस आणता आले असते, पण कोयनेचा वंश तिथंच बुडाला असता. म्हणून त्या टाकीत माझा जीव गुंतलेला होता.

आता माझ्या लेकीकडे येते. अन्वीनं जे यंत्र बनवलं त्याचं नाव जलवाचक. नाव शोभेचं नाही, ते खरोखर पाणी वाचतं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काही ना काही सांडत असतो. खवल्याचा कण, लाळ, विष्ठा, मेलेली पेशी. त्या प्रत्येक कणात त्या जीवाची जनुकीय ओळख असते. पूर्वी असं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायला लागायचं, आणि उत्तर येईपर्यंत मासा तळून खायच्या लायकीचाही उरायचा नाही. अन्वीच्या यंत्रात केसाहून कितीतरी बारीक भोकांची एक पट्टी आहे. जनुकांचे धागे त्या भोकांतून सरकतात, सरकताना विजेच्या प्रवाहात बारीक चढउतार होतात, आणि त्या चढउतारांवरून यंत्र धाग्यावरची अक्षरं ओळखतं. चहा पिऊन होईस्तोवर पाण्यात कोण कोण राहतं आणि किती, याची यादी पडद्यावर येते. शिवाय हजारो आजारी तळ्यांच्या नोंदींशी ताडून ते रोगाचं नावही सांगतं. पोरीच्या हुशारीचं मला कौतुक होतं, आणि ते मी चारचौघांत सांगायचे. तिला सोडून.

या यंत्राला एवढं वजन आलं ते लालचट्टा रोगामुळे. काही वर्षांपूर्वी त्या साथीनं तळीच्या तळी ओस पाडली. माशाच्या अंगावर लाल डाग, मग जखमा, मग पांढरं पोट वर. त्यानंतर कायदा आला की जलवाचकानं लाल शेरा दिला तर त्या टाकीतले सगळे मासे नष्ट करायचे आणि पाणी उकळून टाकायचं. एका टाकीची दया केली तर अख्खी नदी जाते, असं त्यामागचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. आमच्याकडे नवरात्रात पहिला जलवाचक बसवायला अन्वी स्वतः आली. मी तेव्हा बहिणीकडे बार्शीला होते, दसरा करूनच परतले.

परतले तर खडस खाईनात. खडसासारखा खादाड मासा दाण्याकडे पाठ फिरवतो म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषानं श्रीखंडाच्या ताटावरून उठण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी ते पृष्ठभागाशी येऊन तोंड वासायला लागले. पंख अंगाला चिकटलेले, कल्ले सुजून लालभडक. मग पोटावर लाल रेघा दिसल्या, आणि त्याच दुपारी जलवाचकानं लाल शेरा दिला. लालचट्ट्याचे जंतू मर्यादेच्या बाहेर.

मत्स्यविभागाचे वाघचौरे नावाचे अधिकारी संध्याकाळच्या आत हजर झाले. माणूस वाईट नव्हता. टाकीसमोर टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, मला हे करायला आवडत नाही ताई, पण उद्या सकाळी माणसं येतील. मी अन्वीकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती.

मग आमची जुंपली. मी म्हटलं, माशांच्या अंगाकडे बघ, ते आधी गुदमरले आणि मग त्यांना डाग आले. लालचट्ट्यात आधी डाग येतात. ती म्हणाली की आई, जंतू पाण्यात आहेत, मी काही ते शाईनं लिहिलेले नाहीत. मी म्हटलं की हे जंतू थोडेफार प्रत्येक पाण्यात असतात, माणसाच्या घशात असतात तसे. अंगात ताकद असली की गप्प बसतात, मासा खचला की माजतात. तुझं यंत्र चोर दाखवतंय, दार कुणी उघडं टाकलं ते दाखवत नाही. ती म्हणाली की हजारो तळ्यांच्या नोंदी खोट्या आणि तुझा डोळा तेवढा खरा का? आवाज चढत गेला. पंपघरातली माणसं दारातून डोकावून परत गेली. शेवटी ती जे बोलली ते असं.

"लहानपणी मला ताप आला की तू बाबांना बसवून इथं यायचीस. आजही तुला हे मासेच माझ्यापेक्षा जवळचे आहेत. माझं पहिलं मोठं काम बुडालं तरी चालेल तुला."

 ती चूक होती असं म्हणता येत नव्हतं, आणि पूर्ण बरोबर होती असंही नाही. मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडू आवरायला समोर जे होतं त्याकडे पाहत राहिले. समोर तिचा पडदा होता.

पडद्यावर खाली अमोनियाची रेघ असते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, ते त्याचं विषच. निरोगी टाकीत तो जवळजवळ शून्यावर असतो, कारण फिल्टरच्या स्पंजावर राहणारे जिवाणू तो खाऊन टाकतात. पण जवळजवळ शून्य वेगळं आणि शून्य वेगळं. टाकीत दाणे पडले की ती रेघ किंचित तरी उचलते. माझ्यासमोरची रेघ दसऱ्यापासून आडवी पडलेली होती, सलग, एकदाही न हलता. जिवंत टाकीची रेघ अशी नसते.

मी उठले, कपाट उघडलं आणि अमोनिया पाहायची थेंबांची जुनी परीक्षा काढली. नळीत टाकीचं पाणी, त्यात औषधाचे थेंब. पिवळं राहिलं तर पाणी बरं. आमचं पाणी पिवळं झालं, मग पोपटी, मग गर्द हिरवं. अन्वी माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला काय ते समजलं. ती अमोनिया मोजायची कांडी टाकीतून बाहेर काढायला लागली.

कांडी लखलखत होती. तिच्या टोकाला जो पातळ पडदा असतो, ज्याच्यावर सगळं मोजमाप चालतं, तो पार निघून गेला होता. खाचेत कुंकवाचा लाल कण अडकलेला होता.

मी पंपघरात गेले. तिथला मुख्य बाबासो पिसाळ. माणूस कामाला वाघ, फक्त त्याला आवरायला कुणीतरी लागतं. मी विचारलं, खंडेनवमीला काय काय केलंत? त्याचा चेहरा फुलला. दर वर्षी मी डोक्यावर उभी असते म्हणून त्यांना हात आखडता घ्यावा लागतो. यंदा मी नाही, आणि वर नवीन यंत्र आलेलं, डॉक्टरीणबाईंची लेक पाहुणी. मग सगळ्यांनी मिळून अवजारपूजा अशी दणक्यात केली की बोलायची सोय नाही.

"मॅडम, यंदा कायसुदिक कसर ठेवली न्हाई. समदे स्पंज नळाखाली धरून मूळ रंगावर आणलं. कांडी चिचंनं घासली. हार घातला, नारळ फोडला."

मी डोक्याला हात लावला. आपल्याकडे खंडेनवमीला ज्यानं पोट भरतं ते अवजार धुऊन पुसून पुजायचं. सुताराची करवत, रिक्षावाल्याची रिक्षा, डॉक्टरांचा स्टेथोस्कोपसुद्धा. रीत सुरेख आहे, मला मनापासून आवडते. पण माशांच्या फिल्टरला ती लावली की घात होतो. स्पंजावरचा तो तपकिरी चिकट थर म्हणजे मळ नसतो. तोच खरा फिल्टर, स्पंज नुसतं त्याचं घर. एका जातीचे जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे ते नायट्राइट खाऊन त्याचं नायट्रेट करतात, जे मासा बराच काळ सोसतो. हे घर वसायला कित्येक आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात माणसांसाठी क्लोरीन असतं, ते जंतू मारतं, आणि त्याला चांगले-वाईट कळत नाही. आमच्या माणसांनी भक्तिभावानं सगळी वस्ती नळाखाली मारली होती आणि वर हार घातला होता.

मी बाबासोवर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून अन्वी म्हणाली, "कांडीला कुंकू मीच लावलं आई. फोटोही काढला, तुला पाठवायला."

तिचा आवाज इतका लहान झाला होता की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला जवळ घेतलं. एवढी मोठी बाई, पण घेतलं. मग म्हटलं, आता यंत्राला विचार की दसऱ्याच्या आधी पाण्यात होतं आणि आता नाही असं कोण? ती चमकून माझ्याकडे पाहायला लागली. हा प्रश्न तिनं यंत्राला कधी शिकवलाच नव्हता. तिच्या नोंदींतली सगळी आजारी तळी जुनी, मुरलेली. स्पंजावरचे जिवाणू प्रत्येक तळ्यात होतेच, मग ते नाहीत का हे पाहायची गरजच पडली नव्हती. तिनं दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या. नवीन यादीत लालचट्ट्याचं नाव फुगलेलं होतं खरं, पण खालच्या जवळजवळ सगळ्या कामकरी जिवाणूंची नावं साफ गायब होती.

यानंतर तिनं जे केलं ते पाहून मला वाटलं, माझ्या पोटी वाघीण जन्मली. तिनं स्वतः वाघचौऱ्यांना फोन लावला. हे यंत्र राज्यातल्या सगळ्या नदीकाठच्या केंद्रांत जायचं होतं, आणि त्याचा हा पहिला लाल शेरा. तरी ती म्हणाली, "यंत्रानं वाचलं ते खरं आहे. त्यावरून अर्थ काढायला मी शिकवलं, ते चुकलं. मी तसं सहीनिशी देते." वाघचौऱ्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले की कारण पटतं, पण जंतू तर आहेतच, तेव्हा सोमवारपर्यंत मुदत. सोमवारी पाणी शुद्ध आणि जंतू मर्यादेत नसले तर माझा नाइलाज आहे.

लगेच जे करता येत होतं ते केलं. खाणं बंद, कारण खाल्लं नाही की विष कमी. क्लोरीन काढलेलं पाणी थोडं थोडं बदललं, थोडं मीठ सोडलं म्हणजे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी शिरतं, आणि हवेचे पंप जोरात लावले. खडस थोडे सावरले. पण ही सगळी मलमपट्टी होती. एवढ्या मोठ्या माशांचा अमोनिया रोज खाणारं कुणीतरी हवं होतं, आणि नवी वस्ती व्हायला सोमवारपर्यंतचा वेळ कुठून पुरणार? दुकानातून जिवाणूंच्या बाटल्या आणल्या. उन्हात तापून आतले केव्हाच मेलेले होते. मत्स्यालयातले बाकीचे सगळे स्पंजही त्याच दिवशी त्याच नळाखाली उजळले होते. नदीतून काही आणायला कायद्यानं बंदी.

म्हणून अन्वीनं शहराच्या ग्रुपवर निरोप टाकला. ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे आणि जिचा फिल्टर खंडेनवमीला धुतलेला नाही, त्यांनी कृपया स्पंज घेऊन यावं. कराडात घरटी टाक्या आहेत म्हणा ना, तरी एक माणूस येईना. उलट उत्तरं आली की आमच्याकडे असला आळस नसतो, आम्ही साबणानं धुतो. दोघातिघांनी चकचकीत टाकीचे फोटो पाठवले. सणाच्या दिवशी सफाई केली नाही असं गावासमोर कोण सांगणार? मासे गेले तरी चालतील, पण घर अस्वच्छ म्हणवून घ्यायचं नाही.

तेव्हा आमचे धनंजयराव उठले. माझे यजमान, निवृत्त शिक्षक. डबा द्यायला आले होते आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, आपल्या घरच्या टाकीचा फिल्टर धुतलेला नाही. मी म्हटलं, टाकीच्याच पाण्यात हलका खळबळून घ्या असं मी बार्शीला निघताना बजावलं होतं आणि तुम्ही फोनवर झाला म्हणालात.

"म्हणालो. यंदा नाही, गेल्या वर्षीही नाही, त्याच्या आधीचं आठवत नाही. तुझ्या तोंडाला कोण लागणार?"

पंपघरात हशा पिकला. संसारात मी या माणसाच्या आळसावर इतकं बोलले असेन की त्याची पोथी व्हावी. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला ते लग्नात दिसले होते त्याहून देखणे दिसले. ते स्कूटरवरून घरी जाऊन स्पंज घेऊन आले. काळपट, बुळबुळीत, नदीच्या चिखलासारखा वास येणारा. अन्वीनं त्याचं पाणी जलवाचकाला दिलं. लालचट्टा नाही, दुसरा कुठला रोग नाही, आणि कामकरी जिवाणूंची यादी पडद्यावर मावेना. पण यंत्र जिवंत-मेलं सांगत नाही, म्हणून मी बरणीत अमोनियाचं पाणी घेऊन स्पंजाचा तुकडा टाकला. जेवून येईपर्यंत बरणीतला अमोनिया निम्म्यावर आला होता.

एवढ्या मोठ्या टाकीला तो एकटा पुरणार नव्हता. मग अन्वीनं बाबांचा त्या स्पंजासकट फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कराडमधला सर्वात घाणेरडा फिल्टर, मालक माझे वडील, मला त्यांचा अभिमान आहे.

बांध फुटला. आधी एक दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथं टाकी आहे. पिशवी हळूच हातात दिली आणि म्हणाले, कुणाला सांगू नका, लोक म्हणतील टाकी धुवत नाही तर अवजारं काय धुणार. मग सोन्याचांदीच्या पेढीवाले आले, चायनीजच्या गाडीवाला आला, शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. प्रत्येक जण आधी कुजबुजायचा आणि मागची रांग बघून मग मोठ्यानं बोलायचा. शेवटी शेवटी तर कुणाचा जास्त काळा यावरून पैज लागायला लागली. प्रत्येक स्पंज अन्वी यंत्रावर वाचून घ्यायची. रोगाचे दोन निघाले, ते तिनं बाजूला केले आणि त्या घरच्या माशांना औषध सांगितलं. बाकीचे बाबासोनं स्वतःच्या हातानं, तळहातावरच्या देवासारखे, मोठ्या फिल्टरमध्ये रचले. या वेळी पाणी टाकीतलंच वापरलं.

दोन दिवस आम्ही आळीपाळीनं नळीतला रंग पाहत होतो. गर्द हिरवं पोपटी झालं, पोपटी फिकट झालं. रविवारी दुपारी मी नळी उजेडात धरली तर पाणी पिवळं. नायट्राइटही उतरलं. तोंड वासून वर तरंगणारे मासे खाली गेले आणि पंपाच्या धारेत तोंड घालून उभे राहिले. माझ्या सवयीनं मी चार दाणे टाकले. पाणी असं उसळलं की माझा पदर भिजला. मी आणि अन्वी दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

सोमवारी वाघचौऱ्यांनी स्वतः पाणी काढलं आणि यंत्राला दिलं. मासा तगडा झाला तसे लालचट्ट्याचे जंतू मुकाट्यानं आपल्या जागी परतले होते. शेरा हिरवा. त्यांनी टोपी काढली, पण या वेळी हसून, आणि जाताना म्हणाले की मॅडम, आमच्याही ऑफिसात एक टाकी आहे, तिचं विचारू नका.

अन्वीनं यंत्रात एक नवीन रकाना घातला, गैरहजर. पाण्यात कोण आहे याच्या शेजारी आता कोण असायला हवं होतं आणि नाही, तेही येतं. राज्यातल्या सगळ्या केंद्रांत यंत्र गेलं ते हा रकाना घेऊन, आणि त्यावर पुढचे लाल शेरे ताडून पाहिले तेव्हा चार तळी नष्ट होता होता वाचली. मी हे आता तिच्या तोंडावर सांगते. तिला ताप आला होता तेव्हा मी इथं होते, त्याचं वाईट वाटतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे गं.

दिवाळीनंतर खडस संगमाजवळ सोडले. अख्खं गाव काठावर होतं. पाणी गढूळ होतं, एक शेपटीचा फटका दिसला आणि संपलं. पुढे कित्येक आठवडे काहीच कळलं नाही. जाणकार म्हणाले, टाकीत वाढलेले मासे, त्यांना पायऱ्या चढणं जमायचं नाही, बंधाऱ्याखालीच राहतील नाही तर मरतील.

एके सकाळी मी पंपघरात असताना अन्वीचा फोन आला. ती पाटणच्या पुलाखाली उभी होती, सगळ्या बंधाऱ्यांच्या वर, आणि नदीचं पाणी वाचत होती. तिला धाप लागली होती. म्हणाली, आई, इतकी वर्षं कोयनेच्या यादीत खडस गैरहजर होता, तो आज हजर आहे.

मी पदरानं डोळे पुसले. बाबासोनं विचारलं, काय झालं मॅडम, रडताय का? मी पंपाच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "आपली पोरं वर पोचली."